तळघराच्या चार पायऱ्या

तळघर जमिनीखाली असतं, अशी माझी साधी समजूत होती. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे माझ्या समजुती एकूण साध्याच. ही समजूत मेलबर्नच्या उत्तर टोकाला, क्रेगीबर्नमध्ये, अंकलच्या घरी मोडली. अंकलचं तळघर जमिनीच्या वर होतं. सरळ सांगायचं तर ते गॅरेज होतं. दोन गाड्यांचं, पत्र्याच्या शटरचं, त्या वस्तीत प्रत्येक घराला असतं तसलं. तिथली घरं सगळी काँक्रीटच्या सपाट लादीवर बसवलेली. खाली खणायला जावं तर आधी काँक्रीट लागणार, मग कौन्सिलची नोटीस.

पण अंकलना तळघर हवं होतं. गाड्यांच्या कारखान्यात त्यांच्या शेजारच्या मशीनवर एक इटालियन होता. त्याने एकदा यांना घरी नेलं आणि खरंखुरं तळघर दाखवलं. त्या बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच. तेव्हापासून अंकलच्या डोक्यात ते जे उतरलं ते निघेना.

"तो पायऱ्या उतरत होता आणि मी त्याच्या मागे," अंकल सांगायचे. हे त्यांनी मला चाळीस वेळा तरी सांगितलं असेल. "वाईनकडे उतरून जायचं असतं, आचारीबुवा. चालत काय, माणूस दूध आणायला पण जातो."

तेव्हा त्यांनी तोडगा काढला. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जाणाऱ्या दरवाज्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लाकडी ओटा ठोकला. अलीकडून दोन पायऱ्या चढायच्या, पलीकडे दोन उतरायच्या. उतरलं की माणूस होता त्याच पातळीवर. पण उतरला, हे कोणी नाकारू शकत नव्हतं. चौकट मात्र होती तेवढीच राहिली, त्यामुळे ओट्यावर उभं राहिलं की कपाळ वरच्या फळीला हमखास आपटायचं. "वाक जरा," अंकल म्हणायचे, "तळघरात वाकूनच जातात." गॅसचा मीटर बघायला येणारा माणूस तिथे दोनदा आपटला. दुसऱ्यांदा त्याने "नाइस सेलर, मेट," असं म्हटलं आणि कपाळ चोळत गेला. अंकलनी ते वाक्य महिनाभर पुरवलं.

मी त्यांच्याकडे राहायला गेलो तो महामारीच्या थोडं आधी. मी आचारी. क्रेगीबर्नच्याच एका इंडियन हॉटेलच्या व्हिसावर आलेलो. हॉटेल आहे तोवर मी, असा तो व्हिसा. एका ओळखीच्याने सांगितलं की वसईकडचा एक म्हातारा ख्रिश्चन एकटा राहतो, खोली देतो, पण परीक्षा घेतो. परीक्षेच्या नावाने मला आठवीपासून घाम फुटतो. गेलो तर टेबलावर तीन पेले मांडलेले. पहिला प्यायलो, बरा होता. दुसरा प्यायलो, बरा होता. तिसरा तोंडाजवळ नेला आणि तोंडून निघून गेलं, "काका, हे आंबलंय. चटणीत खपेल, पेल्यात नाही."

अंकल खुर्चीतून उठले. मला वाटलं, संपलं. तर त्यांनी टेबलावर थाप मारली.

"सामान कुठाय तुझं? घेऊन ये. आणि मला काका म्हणू नकोस, अंकल म्हण. काका म्हटलं की मी मेल्यासारखा वाटतो."

पुढे दोन महिन्यांनी सगळं बंद झालं. हॉटेल बंद, मालकाचा फोन बंद, माझ्या व्हिसाचं काय होणार ते सांगायला कोणी नाही. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. माझं घर तर दहा हजार किलोमीटरवर, फलटणजवळ. आई फोनवर विचारायची, "अरे, पण कामाला जातोस ना?" मी म्हणायचो, जातो. "कसलं काम?" मी म्हणायचो, सरबताचं. काही अगदीच खोटं नव्हतं ते.

खोलीच्या भाड्याचं कसं करायचं हे विचारायला मी अंकलपुढे उभा राहिलो. वाक्य पाठ केलं होतं. त्यांनी अर्ध्यात तोडलं. "तो विषय इथे काढायचा नाही. वाईनचे बुधले ऐकतात. वाईनला टेन्शन आलं की ती आंबते." आणि वरण जास्त कर म्हणाले.

त्या दिवसापासून माझी जीभ बदलली. हे मला तेव्हा कळलं नाही. अंकलनी काहीही चमच्यात पुढे केलं की माझ्या तोंडून "छान" बाहेर पडायचं, चमचा ओठाला लागायच्या आधी. लॉन मी कापायचो, गटारातली पानं मी काढायचो, शेवटी कचऱ्याचे डबेसुद्धा साबणाने धुवायला लागलो. शेजारची व्हिएतनामी बाई कुंपणावरून बघायची आणि स्वतःच्या डब्यांकडे बघून ओशाळायची. रात्री अंथरुणात पडलो की मी दिवसभरात काय चुकलो ते मोजायचो, आणि सकाळी उठून आणखी काहीतरी धुवायचो.

आता त्यांचा अवतार सांगतो. वरून सूटचं जाकीट, कारण रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, ऑनलाइन असायची आणि कॅमेऱ्यात छातीपर्यंत दिसायचं. खाली कारखान्यातली निळी हाफ पँट. मिस्सा सोडून एरवी डोक्यावर टोपी. पायात मोजे नाहीत. गळ्यात दोरीला बांधलेला एक चमचा, लोक क्रूस घालतात तसा. क्रूस होताच, पण तो बनियनच्या आत. "तो आत राहतो, हा कामाला येतो," म्हणायचे.

तळघरात भिंतीला लागून अकरा काचेचे बुधले होते. मनुकांची वाईन, काळ्या द्राक्षाची, परसातल्या प्लमची, गोठवलेल्या जांभळाची, आल्याची. एक सुक्या केळ्यांची पण होती, वसईच्या आठवणीत केलेली. तिला सगळे मान द्यायचे आणि कोणी प्यायचं नाही. पण वाईन करणं हे अंकलचं खरं वेड नव्हतंच. "करतो देव, माणूस नुसता ढवळतो," हे त्यांचं मत. त्यांचं वेड होतं एकात एक मिसळणं. आणि मिसळणं हा शब्द त्यांना चालायचा नाही. ते लग्न लावायचे.

त्यासाठी वही होती. प्रत्येक बुधल्याला एक पान. जन्म कधी, आईबाप कोण, साखर किती, स्वभाव काय. "काळी द्राक्ष: घरंदाज, पण बोलत नाही." "आलं: तोंड फार, मागे काही नाही." "प्लम: लहानपणी लाडावलेली." एकदा मला विचारलं, "तुमच्यात तो मंगळ म्हणजे काय असतं रे?" मी कळेल तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ज्या वाईनमध्ये गाळ जास्त, तिच्या पानावर "मंगळ आहे" असं लिहिलेलं. कॅथलिक माणूस, रोज रोझरी करणारा, आणि वहीत अकरा पत्रिका.

जुळतंय असं वाटलं की ते दोन्हीकडचे दहा-दहा चमचे एका काचेच्या बरणीत घालत, झाकण लावत आणि बरणी शेल्फवर ठेवत. मग सुरू व्हायचा खरा सोहळा. त्यांच्या वसईला म्हणे लग्नाआधी तीन रविवार देवळात नवरा-नवरीची नावं पुकारतात. चर्चला ते देऊळच म्हणायचे. कुणाची हरकत असेल तर त्याने पुढे येऊन सांगायचं. अंकलनी हीच रीत वाईनला लावली. तीन रविवार बरणी उघडायची, नावं पुकारायची, चमचा चाखायचा. तीन आठवड्यांत बिघडायचं ते बिघडतं, टिकायचं ते टिकतं. खरं सांगू, या खुळात मला कधी चूक काढता आली नाही. माझ्या पहिल्या उस्तादाने मसाल्यालासुद्धा एवढा वेळ दिला नव्हता.

तर रविवारी मिस्सा संपली, टॅब बंद केला, की अंकल जाकिटाचं बटण लावून बरणीपुढे उभे राहायचे.

"आलं, राहणार याच तळघरात, खिडकीकडची बाजू. आणि प्लम, राहणार याच तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी. यांचा विवाह योजला आहे. कुणाची हरकत असेल तर आज बोला. नंतर रडत आलात तर ऐकणार नाही."

मंडळी म्हणून हजर कोण, तर मी, गवत कापायचं मशीन आणि वॉशिंग मशीन. तिघंही गप्प.

"आचारीबुवा?"

"छान आहे, अंकल."

लग्न लागायचं.

लॉकडाऊनमध्ये सगळ्या गावालाच वाईनचं खूळ लागलं. घरी बसलेले आयटीवाले यूट्यूब बघून बादल्यांमध्ये द्राक्षं चुरू लागले. अंकलचं नाव पसरलं होतं, त्यामुळे लोक मास्क लावून गेटबाहेर बाटल्या ठेवून जायचे, वर चिठ्ठी, "प्लीज टेस्ट अँड अ‍ॅडव्हाइस". अंकल बीटरूटची एक बाटली चाखून कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग चिठ्ठीच्या मागे लिहिलं, "मुलगी चांगली आहे. शिकू द्या. लग्नाची घाई नको." तोंडावर वाईट बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. वसईचा शिष्टाचार म्हणे. कुणाचीही वाईन फेकायची नाही, कुणालाही नाही म्हणायचं नाही. आपलं नाही म्हणणं दुसऱ्याकडून म्हणवून घ्यायचं. ही शेवटची गोष्ट मात्र त्यांनी मला तेव्हा सांगितली नव्हती. सांगितली असती तर पुढचं घडलं नसतं.

अंकलना एकच मुलगी. नर्स. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, म्हणजे पाच किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. बाप मराठीत बोलायचा, ती इंग्रजीत. तिचं लग्न एका गोऱ्या प्लंबरशी ठरलेलं आणि दोनदा पुढे ढकललेलं. अंकल मुलीच्या लग्नासाठी काय देणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या बायकोने जायच्या आधी सांगून ठेवलं होतं, पोरीच्या लग्नात बाजारची बाटली येता कामा नये. म्हणून काळ्या द्राक्षाची, मनुकांची आणि प्लमची, म्हणजे त्यांची सगळ्यात चांगली तीन वर्षं, त्यांनी बाजूला ठेवली होती. या तिघींचं मिळून एक मोठं पिंप भरायचं, तेच लग्नाचं. बिघडलं तर दुसरं काही नव्हतं. तीन वर्षं पुन्हा येणार नव्हती आणि पोरगी पण एकच.

अशात फादर आले. अंकलच्याच वसईकडचे, मराठीत मिस्सा म्हणणारे, त्यामुळे त्यांचा मान फार. गाडी थांबवून, मास्कमधून, फुटपाथवरूनच त्यांनी हाक मारली आणि एक प्लास्टिकचा कॅन गेटमध्ये सरकवला. चर्चच्या आवारातल्या कुंपणावर द्राक्षाचा वेल होता, त्याची त्यांनी स्वतः केलेली वाईन.

"पोरीच्या लग्नात माझाही थेंब असू दे," फादर म्हणाले, आणि फुटपाथवरूनच हात उचलून कॅनला आशीर्वाद दिला.

कॅन मी आत नेला. झाकणाच्या फटीतूनच मला कळलं. नखं रंगवायच्या बाटलीचा येतो तसा वास. अजून आंबली नव्हती, पण निघाली होती तिकडे. खोबरं खवट व्हायच्या आदल्या दिवशी जसं गप्प होतं, तसं. आणि अशी वाईन एकटी बिघडत नाही, बरोबरच्यांना घेऊन जाते. एवढं मला आठवी न करताही माहीत होतं.

पहिल्या रविवारी अंकलनी चौघांची बरणी उघडून नावं पुकारली. "काळी द्राक्ष, मनुका आणि प्लम, तिघी सख्ख्या बहिणी, राहणार याच तळघरात. आणि फादरच्या कुंपणावरचा, राहणार चर्चचं आवार." मग चमचा माझ्यापुढे धरला. वास होता, थोडा.

"छान आहे, अंकल."

"नक्की?"

"उठावदार आहे."

दुसऱ्या रविवारी वास वाढला होता. अंकलनी एकाच्या जागी दोन चमचे दिले. "जिभेवर ठेव. घाई नको. कसं असतं, माणसाने मनात ठेवू नये. तुमच्यात पण सांगितलंय ना असं काहीतरी?"

मला वाटलं, आपल्या "छान"मध्ये जोर कमी पडतोय. मी जोर वाढवला. "अंकल, अशी मी आयुष्यात प्यायलो नाही." हे तर अक्षरशः खरं होतं. आमच्या घरात दारूच्या बाटलीत रॉकेल असायचं.

तो आठवडाभर मी बेचैन होतो. भांडी घासताना ठरवायचो की सांगून टाकू. हात पुसेपर्यंत ठरवायचो की नको. म्हातारा आपल्याला फुकट ठेवतोय, फादरनी आशीर्वाद दिलेली वस्तू, आणि आपण कोण तर आठवीतून पळालेला आचारी. त्यांचा राग आला तर जाणार कुठे? पाच किलोमीटरच्या आत मला ओळखणारं कोणी नव्हतं. पाच किलोमीटरच्या बाहेरही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मिस्सा संपली. अंकल टॅब बंद करायला वाकले, तेवढ्यात त्यातून फादरचा आवाज आला, "थांबा, थांबा! आज माझ्या वाईनचा तिसरा पुकार ना? मलाही ऐकू दे."

अंकलनी टॅब उचलून पिंपावर ठेवला. फादर हसतमुख, पडदाभर. अंकलनी बरणी उघडली. आता नाकाला काही विचारावं लागत नव्हतं, डोळ्यांतच पाणी आलं. वर एक पातळ साय आलेली. अंकलनी नावं पुकारली. आवाज नेहमीपेक्षा मोठा. मग फादरकडे पाठ करून ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी भुवया उचलल्या. कपाळाला भिडतील इतक्या वर. डोळे मोठे केले, मान एकदा बरणीकडे हलवली, एकदा फादरकडे, आणि परत भुवया.

"कुणाची. हरकत. आहे. का?"

मला त्याचा अर्थ स्पष्ट दिसला. खबरदार, फादर ऐकताहेत.

"बिलकुल नाही!" मी म्हणालो. "फर्स्ट क्लास! फादर, तुमच्यामुळे हिला चव आली."

फादरनी टाळ्या वाजवल्या. अंकल मागे सरकले आणि रंगाच्या डब्यावर बसले. हातातला चमचा गळ्यात सोडून दिला. मला वाटलं, भरून आलं असेल. पोरीचं लग्न, बायकोची आठवण. मी त्यांना पाणी आणून दिलं. ते न पिता माझ्याकडे कितीतरी वेळ बघत होते.

सोमवारी त्यांनी स्वतःच रबरी नळीने तिन्ही बुधले आणि फादरचा कॅन पिंपात उतरवला. मी पिंप धरलं. मी फार आनंदाने धरलं. मग लग्न तिसऱ्यांदा पुढे गेलं, आणि पिंप गॅरेजमध्ये वरून चार बोटं रिकामं, वसंतातल्या उन्हाने तापणाऱ्या पत्र्यामागे, तसंच बसून राहिलं. खरं तळघर असतं तर कदाचित तगलंही असतं.

शेवटी परवानगी आली. दहा माणसं, उघड्यावर. अंकलनी दहा नावं काढली. मुलगी, जावई, जावयाचे आईवडील, त्याचा भाऊ, मुलीच्या दोन मैत्रिणी, फादर, स्वतः, आणि दहावा मी. त्यांचा चुलतभाऊ दोन स्टेशनांवर राहायचा, त्याला सांगितलं की जागा भरली. तो अजून बोलत नाही. आणि मी त्या रात्री परत आभार मानले, आणि सकाळी त्यांची गाडी धुतली.

लग्न लागलं. चर्चमागे एका निलगिरीखाली घडीचं टेबल मांडलं, पांढरी चादर घातली, पेले भरले. सगळ्यांनी मास्क हनुवटीवर ओढले. अंकलनी काही भाषण केलं नाही, नुसता पेला वर केला. सगळे प्यायले.

वरून एक पान पडलं.

"लव्हली ड्रॉप, मेट," जावयाचा बाप म्हणाला. त्याचा एक डोळा मिटला होता.

"व्हेरी इंडियन," जावयाची आई म्हणाली.

फादरनी डोळे मिटून घोट जिभेवर फिरवला. "अहाहा. माझं कुंपण लागतंय जिभेला."

जावई सगळा पेला एका दमात प्यायला आणि खोकत खोकत "चीअर्स, डॅड," म्हणाला. पोरगा चांगला निघणार, हे मला तिथेच पटलं. आणि मी, अर्थातच, "छान!" म्हणालो.

नवरीने तोंडात धरून ठेवलेला घोट गवतावर थुंकला. पांढऱ्या ड्रेसवर पण उडाला.

"डॅड! धिस इज व्हिनेगर!"

मग बाकीच्या आठ जणांनी आपापल्या पेल्यात असं बघितलं, जसं काही आत्ताच कोणीतरी बदलून ठेवलाय. अंकल मुलीकडे बघत नव्हते, फादरकडे तर नाहीच. ते माझ्याकडे बघत होते. बाजूच्या दुकानातून बाटली आणायला जावयाचा भाऊ धावला. बाजारची बाटली. ती आल्यावर सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले, आणि अंकलनी त्यातली घेतली नाही.

घरी आल्यावर ते जाकीट न काढता तळघराकडे गेले. दोन चढले, वाकले, दोन उतरले. "ये आत," म्हणाले. माझी बॅग मी मनातल्या मनात भरून टाकली होती.

"तुला वास येत नव्हता?"

"येत होता."

"पहिल्या रविवारी?"

"कॅन आत आणला तेव्हाच."

"मग तोंड का शिवलं होतंस, मेल्या? तीन रविवार! तीन रविवार मी तुला विचारतोय! त्या दिवशी भुवया उचलून उचलून माझं कपाळ दुखलं!"

"मला वाटलं, तुम्ही दम देताय. फादर होते म्हणून."

"फादर होते म्हणूनच तर!" अंकल ओरडले. वॉशिंग मशीनवरचा साबणाचा डबा पडला. "मी कॅथलिक आहे. मला फादरला नाही म्हणता येतं का? माझी आई कबरीतून उठेल! तू गणपतीवाला माणूस, तुझं काय जात होतं? तुला घरात ठेवला कशासाठी? कचऱ्याचे डबे धुवायला?"

"तुम्हाला... तुम्हाला कळलं होतं?"

"वास शेजारच्या बाईला पण कळला असेल!"

मी मान खाली घातली. "अंकल, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. मला वाटलं..."

"तेच! तेच!" ते रंगाच्या डब्यावर बसले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पहिल्या दिवशी इथे एक माणूस आला होता. काका, हे आंबलंय, म्हणाला. त्याला मी खोली दिली. तो कुठे गेला, मला माहीत नाही. त्याच्या जागी हा एक राहायला आलाय, छान छान करणारा. माझी पोरगी गवतावर थुंकली रे आज. पांढऱ्या ड्रेसमध्ये." त्यांनी जाकिटाचं बटण काढलं. "आभारी माणूस घरात ठेवू नये. त्याच्यापेक्षा भांडखोर बरा."

पिंप फेकलं नाही. त्यांच्या घरात काही फेकत नाहीत. सगळं बाटल्यांमध्ये भरलं आणि व्हिनेगर म्हणून वाटलं. मी त्यात मिरच्या मुरवल्या, मासे मुरवले. फादरना दोन बाटल्या गेल्या. ते त्या सॅलडवर घालतात की पेल्यात, हे विचारायचं धाडस आजवर कोणी केलेलं नाही.

मला त्यांनी हाकललं नाही. त्याऐवजी शिस्त लावली. रोज जेवायच्या आधी मी एक हरकत घ्यायची, मग ताट मिळणार. पहिल्या दिवशी मी मिठावर हरकत घेतली. जेवण मीच केलं होतं, त्यामुळे ती बाद झाली. हळूहळू जीभ सुटली. आल्यात दम नाही. तुमचं मनुकांचं गणित चुकतंय. रोझरी म्हणताना ढवळू नका, दोन्ही बिघडतं. आणि गंमत बघा, खरं बोलणारा हवा म्हणून छाती बडवणाऱ्या या माणसाने माझी एकही हरकत मान्य केली नाही. एकही. प्रत्येक वेळी टोपी आपटायचे, "आठवी नापास, तू मला शिकवणार?" म्हणायचे, आणि हट्टाने तेच लग्न लावायचे. निम्मी लग्नं फसली. वहीत मात्र ते माझी हरकत लिहून ठेवायचे, बारीक अक्षरात, मी बघत नाही असं समजून.

पुढे हॉटेलं उघडली. मला सिडनीला, पॅरामॅटाला काम मिळालं, व्हिसाचंही मार्गी लागलं. निघायच्या दिवशी तळघरात गेलो. आभाराची चार वाक्यं मी ट्रेनच्या तिकिटामागे लिहून आणली होती. पहिलं वाक्य सुरू केलं तर त्यांनी गळ्यातला चमचा वर केला.

"ते नको. काही हरकत असली तर बोल, नाहीतर नीघ. ट्रेन चुकेल."

मी बुधल्यांकडे बघितलं. वॉशिंग मशीनकडे, गवताच्या मशीनकडे, पत्र्याच्या शटरकडे बघितलं. त्या ओट्याकडे बघितलं, जिथे माझं कपाळ दोन वर्षं आपटलं होतं.

"एक आहे, अंकल."

"बोल."

"हे तळघर नाही. गॅरेज आहे."

इतकी वर्षं इतकी माणसं इथे आली, वाकली, आपटली, वाहवा करून गेली. त्यांच्या पोरीनेसुद्धा हे म्हटलं नव्हतं. अंकलचं तोंड उघडं राहिलं. टोपी त्यांनी आपटली नाही. ती हातातच राहिली.

"बाहेर हो," ते म्हणाले.

मी दोन पायऱ्या चढलो, वाकलो, दोन उतरलो, आणि बाहेर झालो.

चार महिने त्यांनी माझा फोन घेतला नाही. मी रोज स्वतःला शिव्या दिल्या. मग एक दिवस पॅरामॅटाच्या पत्त्यावर खोकं आलं, वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक बाटली. अंकलच्या प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर त्यांच्या ठळक अक्षरात लिहिलेलं असायचं: "तळघरातून." याही पट्टीवर तेच होतं. पण त्याच्यावर एक सरळ रेघ मारली होती, आणि खाली, वहीतल्या त्या बारीक अक्षरात, लिहिलं होतं: "गॅरेजमधून."

मी बूच काढलं, वास घेतला, एक घोट जिभेवर ठेवला. घाई केली नाही. मग फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"पोचली, अंकल."

"मग?"

"प्लमला सांभाळून घेतलंय. पण गोड जास्त झालीय."

पलीकडून जी शिवी आली ती इथे लिहिता येणार नाही. मागे टोपी आपटल्याचा आवाज आला. आणि मग कागदावर पेन घासल्याचा आवाज, सावकाश, बारीक अक्षरातला.